तीन पानांचा अडसर

म्युनिकच्या शाळेतली एखादी शिक्षिका किंवा लिऑंच्या रुग्णालयातली परिचारिका पगारातून महिन्याला दोनशे युरो बाजूला काढते आणि ते जगभरच्या कंपन्यांत थोडे थोडे गुंतवायचे ठरवते. खाते उघडलेले आहे, पैसे जमा आहेत. न्यूयॉर्कच्या बाजारात व्हॅनगार्डचा टोटल वर्ल्ड स्टॉक नावाचा फंड रोज विकला जातो आणि त्याचा वर्षाचा खर्च शंभर डॉलरमागे सहा-सात सेंट एवढाच आहे. हा फंड तिला घेता येत नाही. मागणी नोंदवली की दलालाची यंत्रणा ती परत पाठवते. फंडात खोट नाही, तिच्या पैशातही नाही. फंडासोबत तीन पानांचा एक कागद जोडलेला नाही, म्हणून हा नकार.

१ जानेवारी २०१८ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या ‘प्रिप्स’ नियमावलीने हा कागद सक्तीचा केला. केआयडी या नावाने तो ओळखला जातो. जास्तीत जास्त तीन पाने, त्यात जोखमीची एक ते सात अशी पायरी, सगळा खर्च आणि बाजार चांगला, बरा किंवा वाईट गेला तर हाती काय लागेल याचे अंदाज. कागद नसेल तर सामान्य ग्राहकाला माल विकायचा नाही, असा दंडक आहे.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. २००८ साली लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा जर्मनीतल्या हजारो सामान्य बचतदारांच्या हाती त्या बँकेची ‘सर्टिफिकेट’ होती. त्यांत निवृत्त माणसे होती, वर्षानुवर्षे एकाच शाखेत जाणारी. ओळखीच्या कर्मचाऱ्याने खात्रीचे आहे म्हणून गळ्यात घातलेल्या त्या कागदांमागे नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला कळत नव्हते आणि बहुधा विकणाऱ्यालाही नाही. अशा गुंतागुंतीच्या मालाची माहिती सोप्या भाषेत, एका ठराविक नमुन्यात मिळावी ही मागणी रास्तच होती. पण झाले असे, की ज्या जातीच्या मालाने लोक बुडाले तो तीन पाने छापून पुन्हा त्याच काउंटरवर ठेवता आला, आणि ज्याच्या पोटात काहीच लपलेले नाही असा साधा, स्वस्त फंड बाहेर राहिला.

अमेरिकी फंड कंपन्या हा कागद का काढत नाहीत? एक तर त्यांच्या देशातल्या नियामकाकडे त्या आधीच सविस्तर माहितीपत्रक भरतात, आणि फंडाच्या भावी परताव्याचे अंदाज छापणे तिथल्या चौकटीत बसत नाही. दुसरे म्हणजे त्यांना गरजही नाही. व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक, स्टेट स्ट्रीट या तिघींनीही युरोपात वेगळे फंड काढलेले आहेत. ते तिथे विकले जात असताना अमेरिकेतल्या फंडासाठी कोण कागद रंगवणार?

या कागदातल्या अंदाजांचीही एक कथा आहे. सुरुवातीच्या पद्धतीत ते मागच्या काही वर्षांच्या परताव्यावरून काढायचे होते. २०१८ च्या आधीची वर्षे तेजीची गेलेली, त्यामुळे बऱ्याच कागदांवर ‘वाईट’ परिस्थितीतले आकडेही गुलाबी दिसू लागले. नियम लागू होऊन महिना होत नाही तोच, जानेवारी २०१८ मध्ये, ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने हे आकडे ग्राहकाची दिशाभूल करू शकतात अशी जाहीर चिंता व्यक्त केली. पुढे ती पद्धत बदलावी लागली. दिशाभूल टाळण्यासाठी आणलेल्या कागदाबद्दल हे म्हणावे लागले, ही बाब साधी नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. हाच अमेरिकी फंड युरोपातला श्रीमंत माणूस घेऊ शकतो. युरोपीय नियमांत ‘व्यावसायिक ग्राहक’ असा एक वर्ग आहे आणि तीनपैकी दोन अटी पुऱ्या करणाऱ्याला त्यात जाण्याची मुभा आहे: पाच लाख युरोंहून मोठी गुंतवणूक असणे, वर्षभर दर तिमाहीला सरासरी दहा मोठे व्यवहार केलेले असणे, वित्तक्षेत्रात किमान वर्षभर संबंधित काम केलेले असणे. ज्याच्याकडे मोठी रक्कम आहे आणि जो सतत खरेदी-विक्री करतो त्याला रस्ता मोकळा आहे. जी परिचारिका एकदा घेऊन तीस वर्षे हात लावणार नाही, म्हणजे शहाण्यासारखी वागणार आहे, तिला मात्र नाही. इंडेक्स फंड हे थोडक्या बचतीच्या माणसासाठी काढलेले साधन आहे, त्यामुळे हा उलटा न्याय अधिकच खटकतो.

त्या साधनाचा उगम आठवावा. जॉन बोगल यांनी १९७५ साली व्हॅनगार्ड स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सर्वसामान्यांसाठीचा पहिला इंडेक्स फंड बाजारात आणला. पंधरा कोटी डॉलर गोळा होतील अशी अपेक्षा होती, जमले एक कोटी तेरा लाख. कोणता शेअर वर जाईल याचा अंदाज बांधायचा नाही, निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या त्या त्या प्रमाणात घेऊन ठेवायच्या आणि व्यवस्थापनाचा खर्च जवळजवळ शून्यावर आणायचा, एवढीच कल्पना. वॉल स्ट्रीटने ती हसण्यावारी नेली. तिच्यामागचे गणित मात्र कुणालाही खोडता आलेले नाही. सगळ्या गुंतवणूकदारांना मिळून बाजाराएवढाच परतावा मिळणार असतो, मग ज्याचा खर्च कमी त्याच्या पदरात जास्त उरणार.

हे किती जास्त, ते आकड्यांतच पाहिले पाहिजे. महिना २०० युरो, तीस वर्षे, बाजाराचा परतावा वर्षाला ६ टक्के असे धरू. खिशातून गेले ७२ हजार. फंडाचा खर्च ०.२ टक्के असेल तर शेवटी सुमारे १ लाख ९३ हजार युरो होतात. खर्च दीड टक्का असेल, आणि युरोपातल्या बँकांच्या शाखांतून विकल्या जाणाऱ्या शेअर फंडांचा खर्च साधारण याच घरात असतो, तर १ लाख ५२ हजार. मधले ४१ हजार युरो बाजाराने नेलेले नाहीत, शुल्काने नेले आहेत. तिने भरलेल्या मुद्दलाच्या ते निम्म्याहून अधिक होतात.

मग युरोपातल्या सामान्य माणसाने काय करावे? वाट आहे आणि ती चांगली आहे. ती डब्लिनवरून जाते.

१९८५ साली युरोपीय समुदायाने ‘यूसिट्स’ नावाची फंडांची एक सामाईक चौकट केली. एका देशात मान्यता मिळालेला फंड बाकीच्या सदस्य देशांत विकता यावा आणि त्यात एकाच कंपनीवर सगळा भार टाकलेला नसावा, अशी तिची बांधणी आहे. युरोपीय संघाने केलेल्या सर्वांत उपयोगी कामांपैकी मी हे एक मानतो. जगभर या नावाला पत आहे. यातले बहुतेक मोठे जागतिक इंडेक्स फंड आयर्लंडमध्ये नोंदलेले असतात आणि त्याचे कारण करात आहे. अमेरिकी कंपनीने परदेशी भागधारकाला लाभांश दिला की अमेरिका त्यातून ३० टक्के कापून घेते. आयर्लंडशी असलेल्या करारामुळे आयरिश फंडाच्या बाबतीत ही कपात १५ टक्के होते. लक्झेंबर्गमधल्या बहुतेक फंडांना ही सवलत मिळत नाही. जागतिक निर्देशांकात अमेरिकी कंपन्यांचा वाटा साठ टक्क्यांच्या वर असल्याने नुसत्या नोंदणीच्या गावामुळे वर्षाला दहा-बारा शतांश टक्क्यांचा फरक पडतो. आयर्लंडमध्ये न राहणाऱ्या गुंतवणूकदाराकडून आयर्लंड स्वतः काही कापत नाही. फंडाच्या ‘आयसिन’ या ओळख-क्रमांकाची पहिली दोन अक्षरे पाहिली की हे कळते: ‘आयई’ म्हणजे आयर्लंड, ‘एलयू’ म्हणजे लक्झेंबर्ग.

नावे सांगायची तर व्हॅनगार्डचा एफटीएसई ऑल-वर्ल्ड यूसिट्स ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, आहे. तो २०१२ पासून आहे आणि लाभांश वाटून न टाकता फंडातच पुन्हा गुंतवणारी त्याची आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्याचा खर्च आधी ०.२५ टक्के होता, मग ०.२२ झाला आणि २०२५ मध्ये ०.१९ वर आला. ब्लॅकरॉकचा आयशेअर्स कोअर एमएससीआय वर्ल्ड ०.२० टक्क्याला मिळतो. फ्रान्सच्या आमुंडीने २०२४ मध्ये सगळ्या देशांचा फंड ०.०७ टक्क्यावर आणून ठेवला. स्पर्धा जोरात आहे, आणि ही यादी वाचली जाईपर्यंत एखादा आकडा आणखी खाली आला असेल तर ते चांगलेच.

नावांत एक फसगत आहे आणि ती भारतीय वाचकाच्या लगेच ध्यानात यावी. एमएससीआय वर्ल्ड या निर्देशांकात ‘वर्ल्ड’ असले तरी त्यात फक्त २३ विकसित देश आहेत. भारत नाही, चीन नाही, ब्राझील नाही. हे देश हवे असतील तर ‘ऑल कंट्री’ किंवा एफटीएसईचा ‘ऑल-वर्ल्ड’ पाहावा लागतो. एमएससीआय वर्ल्डमध्ये तेराशे-चौदाशेच्या आसपास कंपन्या, ‘ऑल-वर्ल्ड’वर आधारलेल्या व्हॅनगार्डच्या फंडात साडेतीन हजारांहून अधिक. दुसरा गोंधळ चलनाचा. फ्रँकफर्टच्या झेट्रावर किंवा ॲमस्टरडॅमच्या बाजारात हे फंड युरोत मिळतात, त्यांचा हिशेब मात्र डॉलरमध्ये ठेवलेला असतो, आणि लोक घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. चलनाची जोखीम फंडातल्या कंपन्या कुठल्या आहेत यावर ठरते, किंमत कोणत्या चलनात दाखवली आहे त्यावर नाही.

खरेदी आता अगदी सोपी झाली आहे. जर्मनीत ‘श्पारप्लान’ या नावाने दरमहा ठरावीक रक्कम आपोआप गुंतवण्याची पद्धत घरोघरी पोचली आहे. आपल्या एसआयपीचेच ते भावंड. ट्रेड रिपब्लिक, स्केलेबल कॅपिटल यांच्यासारख्या नव्या दलालांकडे ती एका युरोपासूनही सुरू होते. या दलालांना व्यवहार एका विशिष्ट ठिकाणी वळवल्याबद्दल जे पैसे मिळत त्यावर युरोपीय संघाने बंदी आणली आणि जर्मनीसारख्या देशांना ३० जून २०२६ पर्यंतच सवलत ठेवली. त्यामुळे शुल्काची रचना बदलत राहील, ती पाहून घ्यावी.

अमेरिकी फंड आणि आयरिश फंड यांच्या खर्चातला फरक आज शंभर युरोमागे दहा-पंधरा सेंटांचा उरला आहे. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. उलट एका बाबतीत हा बंद दरवाजा लोकांच्या पथ्यावर पडला आहे. अमेरिकेत नोंदलेला फंड ही तिथल्या कायद्याने अमेरिकेतली मालमत्ता ठरते आणि परदेशी माणूस मरण पावला की ६० हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर अमेरिकेचा वारसा कर लागतो, कमाल दर ४० टक्के. जर्मनी, फ्रान्स यांचे अमेरिकेशी याबाबत करार आहेत. स्पेन, पोर्तुगाल, बेल्जियम यांचे नाहीत. आयरिश फंडाला हा कर लागत नाही, मग आत सगळ्या कंपन्या अमेरिकी असल्या तरी. भारताचाही अमेरिकेशी असा करार नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात आणि त्या वाटेने पुण्या-मुंबईतली कितीतरी मंडळी मोबाइलवरून थेट अमेरिकी ईटीएफ घेत आहेत. साठ हजारांचा हा आकडा त्यांनी आपल्या वारसांना सांगून ठेवावा, आणि शक्य असेल तिथे आयरिश फंडाचा पर्याय पाहावा.

खर्चाचा मुद्दा इतका सोपा झाल्यावर खरी गुंतागुंत उरते ती करांची. फंड एकच, निर्देशांक एकच, पण सीमा ओलांडली की हिशेब पूर्ण बदलतो. एकसंध बाजारपेठ म्हणवणाऱ्या युरोपात हे पाहून मन विषण्ण होते.

सर्वांत विचित्र उदाहरण आयर्लंडचेच. जगाचे फंड ज्या देशात नोंदले जातात त्या देशाने आपल्या रहिवाशांसाठी नियम असा केला की ईटीएफवरच्या नफ्यावर ४१ टक्के कर, आणि फंड विकला नाही तरी दर आठ वर्षांनी तो विकला असे समजून कर भरायचा. साध्या शेअरवरचा भांडवली नफा कर ३३ टक्के आणि वर्षाला १,२७० युरोंची माफी; ईटीएफला ती माफी नाही, एका फंडातला तोटा दुसऱ्यातून वजा करण्याची सोय नाही. चक्रवाढीचा सगळा जोर शेवटच्या वर्षांत असतो आणि हा नियम तिला दर आठ वर्षांनी कापतो. २०२६ पासून दर ३८ टक्क्यांवर आणला गेला, आठ वर्षांची अट राहिली. डब्लिनमध्ये तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारी मराठी मुले-मुली आता पुष्कळ आहेत. त्यांनी जर्मनीतल्या मित्राचे ऐकून ईटीएफ घेण्याआधी हा नियम आणि निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी करसवलत दोन्ही शेजारी ठेवून पाहावे.

जर्मनीत सूत्र निराळे. नफ्यावर २५ टक्के आणि त्यावर साडेपाच टक्के अधिभार, म्हणजे २६.३७५. वर्षाला माणशी एक हजार युरोंचे उत्पन्न माफ. शेअर फंडाच्या नफ्यातला तीस टक्के भाग करमुक्त, कारण फंडाच्या आत आधीच काही कर गेलेला असतो. आणि लाभांश न वाटणाऱ्या फंडावर दरवर्षी एक छोटा आगाऊ कर, जो पुढे विक्रीच्या वेळी वळता होतो. नियम किचकट आहे, पण त्यात न्यायबुद्धी दिसते, आणि जर्मन बँक तो परस्पर कापून घेते. भारतातली एसआयपी तशीच चालू ठेवून म्युनिक-फ्रँकफर्टला गेलेल्यांनी मात्र हे लक्षात घ्यावे की जर्मनीचे रहिवासी झाल्यावर जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर लागतो आणि भारतीय फंडाचा हिशेब कोणतीही जर्मन बँक त्यांच्यासाठी करणार नाही. तो विवरणपत्रात स्वतः दाखवावा लागतो.

स्पेनमध्ये एका फंडातून दुसऱ्या फंडात गेल्यावर कर लागत नाही, तो शेवटी पैसे काढतानाच लागतो. पण ही सवलत ईटीएफला नाही. म्हणून तिथला जाणता माणूस ईटीएफ सोडून साधा, बाजारात न विकला जाणारा इंडेक्स फंड घेतो. बेल्जियममध्ये देशात विक्रीसाठी नोंदवलेल्या, लाभांश न वाटणाऱ्या फंडांवर प्रत्येक व्यवहाराला १.३२ टक्के कर आहे. फंडाचा सहा-सात वर्षांचा खर्च एका खरेदीत गेला. त्याच निर्देशांकाचा नोंदणी नसलेला फंड ०.१२ टक्क्यात मिळतो, हे ज्याला ठाऊक तो वाचतो. नेदरलँड्स प्रत्यक्ष नफ्याऐवजी मानीव परताव्यावर कर घेत आला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मालमत्तेच्या हक्काचा भंग करते असे ठरवले आणि तेव्हापासून सरकार नवी पद्धत बसवण्याच्या खटपटीत आहे. आइंडहोव्हन आणि ॲमस्टेलव्हेनच्या भारतीय वस्तीत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत गप्पांचा विषय दुसरा नसतो.

फ्रान्सचा अनुभव यात सर्वांत शिकवणारा आहे. तिथे १९९२ पासून ‘पीईए’ नावाचे बचत खाते आहे. दीड लाख युरोंपर्यंत भरणा, पाच वर्षांनंतर नफ्यावर आयकर नाही, फक्त सामाजिक अधिभार. अट एकच: पैसे युरोपीय कंपन्यांत हवेत. सरकारला वाटले, फ्रेंच बचत फ्रेंच आणि युरोपीय उद्योगाला मिळेल. फंड कंपन्यांनी त्यावर कायदेशीर तोड काढली. फंडाने युरोपीय शेअर विकत घ्यायचे आणि एखाद्या बँकेशी करार करायचा की या शेअरांचा परतावा तू घे आणि मला जागतिक निर्देशांकाचा दे. अट पाळली गेली, गुंतवणूक जागतिक झाली, आणि मधल्या व्यवस्थेचा खर्च गुंतवणूकदाराच्या माथी आला. आमुंडीचा असा जुना जागतिक फंड ०.३८ टक्के घेतो. २०२४ मध्ये ब्लॅकरॉकने ०.२५ टक्क्याला पर्याय आणला, तेव्हा स्पर्धा सुरू झाली.

हे उदाहरण मुद्दाम लांबवले, कारण ब्रसेल्समध्ये सध्या तोच मोह पुन्हा डोके वर काढतो आहे. एप्रिल २०२४ मध्ये इटलीचे माजी पंतप्रधान एन्रिको लेट्टा यांनी एकसंध बाजारपेठेवरचा अहवाल दिला. युरोपीय कुटुंबांची बचत ३३ लाख कोटी युरो, तिचा साधारण तिसरा हिस्सा बँक खात्यांत पडून, आणि वर्षाला सुमारे ३० हजार कोटी युरो बाहेर, मुख्यतः अमेरिकेत जातात, असे त्यात नोंदवले आहे. त्याच वर्षी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्राघी यांनीही युरोपच्या घसरत्या स्पर्धाशक्तीवर बोट ठेवले. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ‘बचत आणि गुंतवणूक संघा’ची योजना मांडली. बचतखात्यांत कुजणारा पैसा बाजारात यावा, हे योग्यच. पण त्यासोबत एक सूर ऐकू येतो: साठ टक्के अमेरिका असलेले जागतिक फंड लोकांनी कशाला घ्यावेत, करसवलत द्यायची तर युरोपीय कंपन्यांतल्या गुंतवणुकीलाच द्या. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशावर अशी देशभक्तीची अट घालू नये. ज्या माणसाचा पगार, घर आणि निवृत्तिवेतन युरोपच्याच अर्थव्यवस्थेवर अवलंबून आहे, त्याची बचत तरी बाहेर पसरलेली असावी, हे शहाणपणाचे आहे. युरोपीय उद्योग वाढले तर जागतिक निर्देशांकात त्यांचा वाटा आपोआप वाढेल. आणि सक्ती केली की काय होते ते पीईएने दाखवले आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. दहा-पंधरा सेंटांचा फरक असलेल्या अमेरिकी फंडाच्या बाबतीत युरोपीय संघ कागदासाठी अडून बसला. ज्या ठिकाणी वर्षाला सव्वा-दीड टक्का जातो, त्या बँकेच्या काउंटरवर तो नरमला. युरोपातला बहुसंख्य माणूस आजही गुंतवणुकीसाठी आपल्या बँकेत जातो. समोरचा कर्मचारी ‘सल्लागार’ म्हणवतो, सल्ल्याचे पैसे घेत नाही, आणि जो फंड बँकेला वर्षानुवर्षे दलाली देतो तो सुचवतो. इंडेक्स फंड दलाली देत नाही, म्हणून तो सुचवला जात नाही. केआयडीच्या कागदावर खर्च छापलेला असतो, खरे आहे. पण शेजारी स्वस्त फंडाचा कागद कोणी ठेवत नाही, तेव्हा १.५ हा आकडा जास्त की कमी हे ग्राहकाने कशावरून ओळखावे?

यावरचा उपाय कुणाला शोधायचा नाही, तो करून पाहिलेला आहे. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस गुंतवणुकीच्या सल्ल्यावरची दलाली बंद केली, नेदरलँड्सने जानेवारी २०१४ पासून. आपल्याकडे सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांवरचे प्रवेश शुल्क काढून टाकले आणि १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला दलालीविरहित ‘डायरेक्ट’ योजना ठेवायला लावली. भारतात दलालीची ‘रेग्युलर’ योजना अजून आहे, आणि बँकांतून तीच विकली जाते, हे खरे. तरीही नागपूरच्या कारकुनाला त्याच फंडाचे स्वस्त दार मागण्याचा कायदेशीर हक्क तेरा-चौदा वर्षांपूर्वी मिळाला. स्टुटगार्टच्या कारकुनाला बँकेच्या काउंटरवर असा हक्क आजही नाही. या बाबतीत भारतीय नियामक युरोपच्या पुढे गेला, हे आपण अभिमानाने सांगावे.

२०२२-२३ मध्ये युरोपीय आयोगात पूर्ण बंदीचा विचार गांभीर्याने चालू होता. तेव्हाच्या वित्तसेवा आयुक्त मेरेड मॅकगिनेस यांचा कल त्या बाजूला होता. बँकांच्या संघटना उठल्या, जर्मनीचे तत्कालीन अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांनी विरोधाचे पत्र धाडले. मे २०२३ मध्ये प्रत्यक्ष प्रस्ताव आला तेव्हा बंदी फक्त सल्ल्याविना होणाऱ्या विक्रीपुरती उरली होती. पुढच्या वर्षी युरोपीय संसद आणि सदस्य देशांची परिषद या दोघांनीही आपापल्या मसुद्यातून तेवढीही काढली. युक्तिवाद असा, की दलाली गेली तर थोडक्या बचतीच्या ग्राहकाला सल्ला परवडणार नाही. पण तो आज फुकट सल्ला घेत नाही. तो ४१ हजार युरो देतो, फक्त पावती मिळत नाही. जागतिक इंडेक्स फंड घ्या आणि तीस वर्षे सोडून द्या, एवढा सल्ला एका तासात देता येतो. त्या तासाचे शे-दोनशे युरो उघड मागितले, तरी ग्राहक कितीतरी फायद्यात राहील.

तीन पानांच्या नियमातही दुरुस्ती अवघड नाही. अमेरिकी नियामकाकडे भरलेले माहितीपत्रक समतुल्य मानावे, निदान साध्या, विस्तृत निर्देशांकाच्या फंडांपुरते. शेजारच्या स्वित्झर्लंडमधला सामान्य गुंतवणूकदार काही दलालांमार्फत हे अमेरिकी फंड आजही घेतो आणि अमेरिकेने कापलेला लाभांश करही विवरणपत्रासोबत अर्ज भरून वळता करून घेतो. युरोपीय संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटननेही या कागदाची जुनी चौकट बदलायला घेतली आहे. मात्र दोन्हींतले एकच करायचे असेल तर आधी दलाली बंद करावी. आणि तेही जमत नसेल तोवर किमान एवढे करावे: दलाली देणारा कोणताही फंड विकताना बँकेने त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच प्रकारच्या सर्वांत स्वस्त इंडेक्स फंडाचा खर्च आणि तीस वर्षांनंतर दोहोंत पडणारा फरक युरोंमध्ये छापावा. यासाठी नवी नियमावली लागत नाही. प्रिप्सच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी लागते, आणि तो नमुना याआधी एकदा बदललेला आहे.